काढलानी, घेतलानी : हंगामाबाहेरच्या तक्रारीचा अभ्यास

दाभोळच्या जेटीवर सर्वांत जास्त बोलणे होते ते समुद्र बंद असताना. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जूनला थांबते ती ३१ जुलैपर्यंत. होड्या वर ओढून शाकारलेल्या असतात, जाळी दुरुस्तीला पसरलेली असतात आणि माणसे रिकामी असतात. कोणता तांडेल कोणाची बोट सोडणार, कोणत्या मालकाने कोणाला किती उचल देऊन बांधून घेतले, ज्याच्या पायगुणाने गेल्या वर्षी बोट भरून आली त्यालाच मालकाने का जाऊ दिले, या विषयांवर दोन महिने खल चालतो. बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांची स्वतःची बोट नसते. तरी मालकाचा निर्णय चुकला हे सांगताना त्यांच्या आवाजात जी तळमळ असते ती प्रत्यक्ष हंगामात मासळी कमी लागली तरी दिसत नाही.

क्रिकेटचेही तसेच आहे. आयपीएल दोन महिने चालते आणि उरलेले दहा महिने तिच्याबद्दल बोलले जाते. २०२५ साली तर १ जूनच्या रात्री मुंबई इंडियन्स अहमदाबादला पंजाबकडून हरून स्पर्धेबाहेर पडली आणि इकडे मासेमारीची बंदीही त्याच तारखेला लागली. दोन्ही हंगाम एकदम मिटले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कोणता गोलंदाज सोडायचा आणि कोणता तांडेल धरायचा या दोन चर्चा एकमेकींत अशा मिसळल्या होत्या की, धोपाव्याच्या फेरीबोटीसाठी थांबलेल्या परगावच्या पाहुण्याला त्या वेगळ्या करता आल्या नसत्या.

माझा विषय ही चर्चा आहे. खेळ चालू नसताना, आपल्या संघात कोणाला ठेवले आणि कोणाला काढले यावरून चाहत्याच्या मनात जो संताप साठतो त्याची भाषा कशी असते, तिच्यात विचार किती आणि नुसता धूर किती, हे मला पाहायचे आहे. मी क्रीडासमीक्षक नाही आणि भाषाशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. बारावीनंतरचे माझे शिक्षण वाचनालयांत आणि जेटीवर झाले. पण गेली पावणेदोन वर्षे मी या विषयाची एक वही ठेवली आहे. ती का ठेवावी लागली त्याला एक कारण आहे. ते पुढे येईल.

वहीतली पहिली नोंद १५ डिसेंबर २०२३ची, शुक्रवारची. त्या दिवशी मुंबई इंडियन्सने रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार नेमल्याचे जाहीर केले. पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक असेल, तरी थोडक्यात सांगतो. २०१३च्या हंगामात रिकी पाँटिंगने मध्येच बाजूला होऊन रोहितकडे संघ दिला, आणि त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे मिळवली. हार्दिक याच संघात २०१५ साली आला आणि इथेच मोठा झाला. २०२२च्या आधी मुंबईने त्याला मोकळे केले. तो गुजरात टायटन्सचा कर्णधार झाला, पहिल्याच वर्षी जिंकला आणि दुसऱ्या वर्षी अंतिम सामन्यात हरला. नोव्हेंबर २०२३मध्ये मुंबईने त्याला परत आणले. त्यासाठी हातात पैसा हवा म्हणून कॅमेरॉन ग्रीनला बंगळूरला दिले. मग तीन आठवड्यांच्या आत कर्णधारपद. या सगळ्या काळात एकही चेंडू पडलेला नव्हता.

त्या संध्याकाळी जेटीवर पोचलो तेव्हा पहिले वाक्य कानावर आले : "रोहितला काढलानी!"

'काढलानी' हे रूप घाटावरच्या वाचकाला अपुरे वाटेल. आमच्या बोलीत कर्ता क्रियापदाच्या शेपटीला चिकटतो. 'काढलान' म्हणजे त्याने काढले, 'काढलानी' म्हणजे त्यांनी काढले. 'त्यांनी' हा शब्द उच्चारावाच लागत नाही. ते कोण, कुठे बसतात, त्यांना कोणी नेमले, हे काहीही न सांगता 'ते' त्या 'नी'मध्ये हजर असतात. तिकडे प्रमाण मराठीतल्या वृत्तपत्रांचे मथळे मात्र रोहितचे 'कर्णधारपद गेले' अशा थाटाचे. म्हणजे जणू ते आपल्या पायांनी निघून गेले. दोहोंत अधिक अचूक काय, असे मला कोणी विचारले तर मी जेटीच्या बाजूने कौल देईन.

त्याच वहीतली दुसरी गोष्ट 'आपण' या शब्दाची. ऐकणाऱ्यालाही सामावून घेणारा 'आपण' आणि त्याला वगळणारा 'आम्ही' असा भेद मराठीत आहे. मुंबईचा एक चाहता दुसऱ्याशी बोलताना म्हणतो, "आपण जिंकलो." चेन्नईचा माणूस समोर असेल तर तोच म्हणतो, "आम्ही जिंकलो." लिलावातसुद्धा 'आपण'च बोली लावत असतो : "आपण बुमराहला सोडता कामा नये." पंधरा डिसेंबरनंतरच्या पानांवर हा 'आपण' सापडत नाही. कालपर्यंत जो संघ प्रथमपुरुषी होता तो एका रात्रीत तृतीयपुरुषी झाला. ज्याला चाहत्यांचा रोष म्हणतात त्याची सुरुवात शिवीपासून होत नाही. ती सर्वनामापासून होते. शिवी नंतर येते.

अशा रोषाला शहाणी माणसे दोन ठरीव उत्तरे देतात. एक, खेळ हा आता धंदा आहे, मालक त्याला हवे ते करील. दोन, चाहते भावनाप्रधान असतात, चार दिवसांनी विसरतात. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही बिनकामाची. बोटीचा मालकही धंदाच करतो. पण तांडेल बदलला तर का बदलला हे त्याला निदान खलाशांना तरी सांगावे लागते, नाहीतर नारळी पौर्णिमेनंतर बोटीवर माणसे मिळत नाहीत. आणि भावनेचे म्हणाल, तर चाहता प्रत्येक बदलावर चिडत नाही, हे लक्षात घ्यायला हवे. नोव्हेंबर २०२४मध्ये जेद्दाला मोठा लिलाव झाला. त्यात इशान किशन हैदराबादकडे गेला तेव्हा जेटीवर लोकांनी उसासा टाकला आणि विषय संपवला. ट्रेंट बोल्टला साडेबारा कोटींना परत आणले तेव्हा तर टाळ्या पडल्या. म्हणजे या रागाला निकष आहे. जिथे निकष असतो तिथे ओबडधोबड का होईना, समीक्षा असते.

तो निकष कोणता हे मला एका आकड्याने दाखवून दिले. लिलावाआधी कोणाला कायम ठेवले याच्या याद्या ३१ ऑक्टोबर २०२४ला जाहीर झाल्या. त्या दिवशी नरकचतुर्दशी होती. सकाळी कारीट फोडले आणि संध्याकाळी यादी वाचली. बुमराह १८ कोटी, सूर्यकुमार आणि हार्दिक प्रत्येकी १६ कोटी ३५ लाख, रोहित १६ कोटी ३० लाख, तिलक वर्मा ८ कोटी. कोट्यवधींच्या या हिशेबात पाच लाखांचा फरक म्हणजे ताकावरचा फेससुद्धा नव्हे. पण जेटीवर पहिले वाचन झाले ते त्याच पाच लाखांचे. हा फरक चुकून पडलेला नाही, कोणीतरी बसून तो ठरवला आहे, आणि ठरवणाऱ्याला त्यातून काही सांगायचे आहे. काय सांगायचे आहे यावर दोन तट पडले. एकाच्या मते ही रोहितची पायरी दाखवणे होते. दुसऱ्याच्या मते रोहितनेच स्वतःहून धाकट्यांना वर बसवले. पंडित मंडळी एखाद्या ओवीतल्या पाठभेदावर जसे वाद घालतात तसा हा वाद होता, आणि सहभागी होणारे सगळे दुसऱ्या दिवशी पहाटे चारला समुद्रावर जाणारे होते.

म्हणजे चाहता वाचतो, फार बारकाईने वाचतो. त्याच्यापुढे वाचायला काय ठेवले जाते ते आता पाहू. डिसेंबर २०२३च्या त्या निवेदनात सचिन, हरभजन, पाँटिंग आणि रोहित यांची नावे एका दमात घेतली होती. संघाचा वारसा उभारणे आणि भविष्यासाठी सज्ज राहणे या तत्त्वाला धरून हा निर्णय आहे, असा त्याचा आशय होता. राजघराण्याच्या बखरीत वंशावळ येते तशी ही नावांची माळ. तिच्यात ओवला गेला की माणूस आपोआप भूतकाळात जातो. रोहित तेव्हा भारताचा कर्णधार होता. महिन्याभरापूर्वीच त्याने संघाला एकदिवसीय विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. 'आत्ताच का' हा जेटीवरचा एकमेव प्रश्न होता. निवेदनात दुसऱ्या सगळ्या प्रश्नांची उत्तरे होती. पुढे फेब्रुवारीत प्रशिक्षक मार्क बाऊचर यांनी सांगितले की, हा केवळ क्रिकेटचा विचार करून घेतलेला निर्णय आहे आणि त्यामुळे रोहितला फलंदाज म्हणून मोकळेपणी खेळता येईल. हे कारण पटण्यासारखे होते. पण ते दोन महिने उशिरा आले, आणि तोवर लोकांनी स्वतःची कारणे तयार केली होती.

मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच. हंगाम चालू असताना निर्णय चुकला की बरोबर, हे चार दिवसांत मैदानावर कळते. हंगामाबाहेरच्या निर्णयाला मैदान नसते. तिथे रिकामा वेळ असतो, आणि त्या रिकाम्या वेळात कारण सांगितले गेले नाही, तर लोक ते रचतात. रचलेले कारण नेहमीच खऱ्या कारणापेक्षा जास्त रंगीत असते, म्हणून ते टिकते.

याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतल्या बेसबॉलचे आहे. बेसबॉल उन्हाळ्याचा खेळ. थंडीत मैदाने बंद असतात आणि लोक शेगडीभोवती बसून कोणाला घेतले, कोणाला सोडले यावर बोलत राहतात. या गप्पांना तिकडे 'तापलेल्या शेगडीची लीग' म्हणण्याचा प्रघात आहे. १९१९च्या डिसेंबरात बॉस्टनच्या संघाचे मालक हॅरी फ्रेझी यांनी आपला सर्वांत मोठा खेळाडू बेब रूथ न्यूयॉर्कला विकला. बातमी जानेवारी १९२०मध्ये जाहीर झाली. फ्रेझी हे नाटकधंद्यातले माणूस, निर्माते होते. बॉस्टनने १९१८ साली विजेतेपद मिळवले होते. पुढचे मिळाले २००४मध्ये, शहाऐंशी वर्षांनी. मधल्या काळात लोकांनी दोन कथा रचल्या. एक शापाची. दुसरी अशी की, फ्रेझींनी एका संगीत नाटकाला भांडवल हवे म्हणून रूथला विकला. ते नाटक, 'नो, नो, नॅनेट', न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले १९२५ साली, म्हणजे विक्रीनंतर पाच वर्षांनी. तारखा जुळत नाहीत, तरी कथा मरत नाही. नाटकवाल्याने खेळाडू विकून नाटक केले, यात जो चटका आहे तो व्यवहाराच्या कागदांत नाही.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर घरी येऊ. लिलाव आणि फ्रँचायझी हे शब्द येण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे प्रेक्षकांनी हे दुःख भोगलेले आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' पुण्यात पहिल्यांदा रंगले ते ३१ ऑक्टोबर १८८०ला. (हीच तारीख वर येऊन गेली आहे. योगायोग आहे, मी त्यातून काही काढू इच्छित नाही.) त्यातून उभी राहिलेली किर्लोस्कर मंडळी ही मराठी माणसाची पहिली 'आपली टीम' म्हणता येईल. १९१३च्या पावसाळ्यात बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे किर्लोस्करकडे आलेले दीनानाथ मंगेशकर चिंतामणराव कोल्हटकरांसह बाहेर पडले आणि १९१८ साली बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. पाच वर्षांत एकाच संस्थेचा मुख्य गळा दोनदा गेला.

या फाटाफुटीबद्दल आपल्याला कळते ते नटांकडून. बोडसांची 'माझी भूमिका' आणि चिंतामणरावांचे 'बहुरूपी' ही पुस्तके मी पुनःपुन्हा वाचली आहेत. मानापमान, पैसा, भागीदारी, बिऱ्हाडाची व्यवस्था, सगळे त्यांत आहे आणि ते मोलाचे आहे. पण तो बोटीच्या आतला वृत्तांत आहे. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाचे काय झाले? वर्षभर पैसे साठवून जो पिटात बसला आणि ज्याला पडदा उघडल्यावर भामिनी दुसरीच दिसली, त्याने घरी जाऊन काय म्हटले असेल? त्याने वही ठेवली नाही. त्याची तक्रार अफवेच्या रूपाने उरली, कोणी कोणाला काय खाऊ घातले आणि कोणाचा गळा कोणाच्या दृष्टीने गेला, अशा गोष्टींत. आपल्या रंगभूमीचा इतिहास लिहिणाऱ्यांनी अशा गोष्टी बाजूला सारल्या, ते योग्यच केले. पण त्या गोष्टी कोणती रिकामी जागा भरत होत्या, हा प्रश्नही त्यांबरोबर बाजूला गेला.

चाहत्याची बाजू घेताना एक सावधगिरी हवी. त्याला निष्ठा हवी असते, आणि निष्ठेचा हिशेब तो नेहमी दुसऱ्याच्या खिशातून करतो. बालगंधर्वांनी किर्लोस्कर सोडू नये असे वाटणाऱ्या रसिकाला त्यांच्या पगाराशी कर्तव्य नव्हते. अमेरिकेत कर्ट फ्लड या खेळाडूने १९६९ साली आपली परस्पर झालेली अदलाबदल नाकारली. मी विकायची-घ्यायची वस्तू नाही, असे त्याचे म्हणणे होते. १९७२मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. त्याच्या संघाच्या किती चाहत्यांनी त्याची बाजू घेतली असती? 'आमचा खेळाडू विकू नका' आणि 'खेळाडूला जाऊ देऊ नका' या दोन मागण्या चाहत्याच्या तोंडी एकाच वाक्यात येतात, आणि पहिलीत न्याय असला तरी दुसरीत वेठबिगारी आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर. चाहता चुकीच्या माणसावर ओरडतो. २४ मार्च २०२४ला अहमदाबादला हार्दिक मुंबईचा कर्णधार म्हणून उतरला तेव्हा मैदानभर हुर्यो उडाली. मध्येच एक कुत्रा मैदानात शिरला, तर लोक त्याला पाहून हार्दिकच्या नावाने ओरडू लागले. १ एप्रिलला वानखेडेवर तेच. नाणेफेकीला संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागायला सांगावे लागले. दोन्हीकडचा आवाज सारखाच होता, पण तक्रारी परस्परविरुद्ध होत्या. अहमदाबादचा राग 'सोडून गेला' याचा, तर मुंबईचा 'आणून डोक्यावर बसवला' याचा. निर्णय घेणारे मात्र दोन्ही ठिकाणी काचेच्या आड होते. 'काढलानी' मधले ते 'नी' मैदानावर कधी येतच नाहीत. येतो तो एकटा खेळाडू, आणि दिसतो म्हणून त्याला मिळते. मुंबई त्या वर्षी चौदापैकी चार सामने जिंकून तळाला राहिली.

आता कारण सांगतो.

१९९९ साली मी आमच्या वाडीच्या मंडळाचा चिटणीस होतो. कोकणात सगळीकडे असते तशी रचना : गावात ग्रामीण मंडळ, मुंबईत मुंबई मंडळ, पैसा तिकडचा आणि घाम इकडचा. भातकापणीनंतर टेनिस बॉलच्या स्पर्धा सुरू होत, आणि संघ ठरे तो त्याआधी, भर पावसाळ्यात, मुंबईच्या खोलीत. त्या जुलैमध्ये मुंबईहून पत्र आले. पंधरा जणांची यादी होती. अकरा वर्षे यष्टीमागे उभे राहिलेल्या आमच्या किपरचे नाव तिच्यात नव्हते. त्यांच्या जागी खाडीपलीकडच्या गावातला एक पोरगा होता. कारण पत्रातच एका ओळीत दिले होते : वय झाले आहे आणि नव्या मुलाची फलंदाजी चांगली आहे. साधे, खरे, कोणालाही पटेल असे कारण. शेवटी लिहिले होते, यादी फळ्यावर लावावी.

मी सहाणेजवळच्या फळ्यावर यादी लावली. पत्र लावले नाही. मंडळाचा अंतर्गत पत्रव्यवहार बाहेर दाखवू नये, असे मला चिटणीस म्हणून वाटले. त्यांच्या घरी जाऊन सांगावे असेही मनात आले होते, पण पाऊस होता. पाऊस होता हे खरे कारण नव्हे, हे मला तेव्हाही माहीत होते.

गोकुळाष्टमीपर्यंत गावाने कारण शोधून काढले. मागच्या वर्षीच्या अंतिम सामन्यात त्यांच्या हातून एक झेल सुटला होता. तो सुटला नव्हता, सोडला होता, आणि त्याचे पैसे मिळाले होते, असे ते कारण. गणपतीला चाकरमानी आले तेव्हा ती बातमी इतकी पिकलेली होती की, मुंबई मंडळातल्या, म्हणजे खरे कारण स्वतः लिहिणाऱ्या मंडळींपैकी एकाने मला बाजूला घेऊन विचारले, "किती घेतलान रे त्याने?" मी नाही म्हणालो. मोठ्याने म्हणालो नाही. खाडीपलीकडचा पोरगा आला, चांगला खेळला, आणि दोन हंगाम आमच्याच लोकांच्या शिव्या खाऊन परत गेला. त्याचा तर काहीच संबंध नव्हता. किपर पुन्हा कधी मैदानाकडे आले नाहीत.

१५ डिसेंबर २०२३च्या त्या संध्याकाळी, रोहितला काढल्याच्या गलक्यात, ते जेटीवरून जाळ्याची पिशवी घेऊन चालले होते. एक पोरगा, १९९९ साली जो जन्मलाही नव्हता, त्यांच्याकडे बोट दाखवून दुसऱ्याला म्हणाला, "ह्यांनी मॅच विकलेली, म्हणून काढलेलं त्यांना." त्यात द्वेष नव्हता. गावातली एखादी माहिती सांगावी तसे तो सांगत होता. त्याच रात्री मी वही घातली.

पुढे २०२४ साली काय झाले ते सगळ्यांना आठवते. २९ जूनला ब्रिजटाऊनला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटचे षटक हार्दिकने टाकले. भारत सात धावांनी जिंकला. कर्णधार रोहित होता. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून मिरवणूक निघाली आणि ज्या वानखेडेने तीन महिन्यांपूर्वी हुर्यो उडवली होती त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. हे पाहताना मला १९२१चे संयुक्त 'मानापमान' आठवत होते. टिळक स्वराज्य फंडासाठी एकमेकांच्या स्पर्धक मंडळ्यांतले बालगंधर्व भामिनी म्हणून आणि केशवराव भोसले धैर्यधर म्हणून मुंबईत एका रंगमंचावर उभे राहिले होते. तट पडलेल्या प्रेक्षकांना एकत्र आणायला केवढे मोठे निमित्त लागते! प्रत्येकाला ते मिळत नाही. आमच्या किपरना विश्वचषक नव्हता.

हा लेख छापायला देण्याआधी ते जुने पत्र घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. आता ते चौसष्ट वर्षांचे आहेत. ओटीवर बसून त्यांनी चष्मा लावला आणि पत्र दोनदा वाचले. मी माझा सिद्धांत त्यांना समजावू लागलो : खरे कारण सांगितले गेले नाही, म्हणून खोटे कारण आले. त्यांनी हाताने थांबवले. म्हणाले, "मला यादीच्या चार दिस आधी कळलं होतं. मुंबईवरनं फोन आलेला बूथवर. कारणपण तेच सांगितलानी." मग थोडे थांबून, "चार दिस ओटीवरच होतो मी. तू रोज समोरनं जायचास."

यावर लिहिण्यासारखे माझ्याकडे काही नाही. वर मांडलेली उपपत्ती त्यामुळे खोटी ठरते असे मला वाटत नाही. अपुरी मात्र ठरते. त्यांना कारण नको होते. ते आधीच होते. त्यांना मी हवा होतो, पाच मिनिटे. संघाचे कोणते निवेदन ती पाच मिनिटे कशी भरून काढील, ते मला सुचलेले नाही.

पत्र परत देताना ते म्हणाले, "ह्याची झेरॉक्स काढ नि लाव फळ्यावर." सहाणेजवळ आता फळा नाही, तिथे पेव्हर ब्लॉक घालून बाक बसवले आहेत. वाडीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू का, असे मी विचारले. "नको. तिथं कोण वाचतो," म्हणाले. झेरॉक्स सध्या जेटीवरच्या टपरीत, धोपाव्याच्या फेरीबोटीच्या वेळापत्रकाशेजारी चिकटवलेली आहे.